तलंगेचं अंडं मऊ निघालं? कोंबडी कापायची घाई नको

बीदर : सकाळी खुराड्याचं दार उघडलं, आत हात घातला आणि हाताला टणक अंड्याऐवजी पाण्यानं भरलेल्या फुग्यासारखं काहीतरी लिबलिबीत लागलं, हा अनुभव घरी चार कोंबड्या पाळणाऱ्या जवळपास प्रत्येकाला कधी ना कधी येतो. पिवळा-पांढरा बलक आत नीट असतो, वरचा पापुद्रा असतो, फक्त कवच नसतं. मग कुणी नजर लागली म्हणतं, कुणी कोंबडी बिघडली म्हणतं, आणि रविवारी ती तलंग थेट पातेल्यात जाते. सहा महिने सांभाळलेली कोंबडी अंडी देण्याच्या ऐन तोंडावर अशी जाणं म्हणजे घरातल्या बाईच्या हातखर्चाचं नुकसान. बहुतेक वेळा ते टाळता येतं.

मराठीत तिला तलंग म्हणतात, पहिल्या अंड्याच्या आसपासची तरुण कोंबडी. अंड्याला सीमेच्या या बाजूला कुणी तत्ती म्हणतं, कुणी अंडा म्हणतं. अडचण मात्र उदगीर-देवणीपासून भालकी, औराद, बसवकल्याण, आळंदपर्यंत एकच.

आधी अंडं तयार कसं होतं ते पाहू. कोंबडीच्या पोटात एका अंड्याला साधारण २४ ते २६ तास लागतात. बलक सुटणं, त्यावर पांढरा भाग चढणं, पापुद्रा बसणं ही कामं पहिल्या चार-पाच तासांत उरकतात. उरलेले सुमारे वीस तास अंडं एकाच पिशवीत थांबतं आणि त्यावर कवच चढत राहतं. हे काम मुख्यतः रात्री चालतं. तलंगेच्या अंगातली ही यंत्रणा नवी असते, तिचं वेळापत्रक अजून बसलेलं नसतं. कधी एकाच वेळी दोन बलक सुटतात, कधी अंडं कवच चढण्याआधीच पुढे सरकतं. म्हणून पहिल्या दोन-तीन आठवड्यांत एखादं मऊ, एखादं दोन बलकांचं, एखादं गोटीएवढं अंडं निघालं तर काळजीचं कारण नाही. कोंबडी खातेपिते, रानात फिरते, तुरा लाल आहे, तर वाट पाहावी.

तीन आठवड्यांनंतरही मऊ अंडी येतच राहिली, तर नजर खाद्याकडे वळवावी लागते. इथं हिशोब सोपा आहे. गावठी कोंबडीचं अंडं साधारण ४० ग्रॅमचं. त्याचं कवच वजनाच्या एक दशांश, म्हणजे ४ ग्रॅम. कवच जवळपास सगळं चुनखडीच्या जातीचं असतं आणि त्यात कॅल्शियम भरतं सुमारे दीड ग्रॅम. आता आपल्याकडे कोंबडीला काय पडतं? ज्वारी, तांदळाची कणी, गव्हाचा कोंडा, शिळी भाकरी. शंभर ग्रॅम ज्वारीत कॅल्शियम ०.०३ ग्रॅमसुद्धा भरत नाही. दिवसभर पोटभर ज्वारी खाल्लेल्या कोंबडीकडे एका अंड्याच्या कवचाचा पन्नासावा हिस्साही जमत नाही. कोंड्यात तर स्फुरद असं बांधलेल्या रूपात असतं की ते असलेलं कॅल्शियमही अडवून धरतं.

मग आजवर कवच येत कुठून होतं? काही रानातून: गोगलगायी, किडे, हिरवा पाला, मातीतले खडे. आणि काही कोंबडीच्या स्वतःच्या हाडांतून. अंड्यावर येण्याआधी सुमारे दोन आठवडे तिच्या लांब हाडांच्या पोकळीत खास साठा तयार होतो. कमी पडेल तेव्हा त्यातून उचल होते. जुनी गावठी कोंबडी वर्षाला साठ-सत्तर अंडी देऊन खुडूक बसायची, तेवढ्यात हा साठा भरून निघायचा. आता घरोघरी गिरिराजा, स्वर्णधारा, वनराजा, ग्रामप्रिया आल्या आहेत. पहिल्या दोन बेंगळुरूच्या, पुढच्या दोन हैदराबादच्या संशोधनातून आलेल्या. त्या गावठीपेक्षा कितीतरी जास्त अंडी देतात, पण खाणं तिला गावठीचंच मिळतं. उत्पन्न वाढलं आणि खुराक तोच राहिला, तर फटका कवचालाच बसणार.

मातीचाही यात वाटा आहे, आणि बीदर जिल्ह्यात ती दोन तऱ्हेची आहे. भालकी-औरादकडच्या काळ्या रानात चुनखडीचे पांढरे गोळे सापडतात. तिथली कोंबडी टोचता टोचता थोडा चुना पोटात घेते. बीदर शहर आणि किल्ला ज्या लाल जांभ्याच्या पठारावर वसलेत, त्या मातीतला चुना मात्र केव्हाच धुऊन गेलेला आहे, उरलंय ते लोखंड. तिथली कोंबडी दिवसभर मुरूम टोचते. त्यानं दाणा दळला जातो, कवच बनत नाही. ‘खडे तर खाते की रोज’ म्हणणाऱ्यांची गफलत इथंच होते. दळणारा खडा वेगळा, विरघळणारा खडा वेगळा.

विरघळणारा खडा म्हणजे शिंपल्याची भरड. कोंबडीखाद्याच्या दुकानात ती ‘शेल ग्रिट’ म्हणून मिळते. ती दाण्यात कालवू नये; वेगळ्या वाटीत, खुराड्याजवळ ठेवावी, खास करून संध्याकाळी. कोंबडी गरजेपुरतीच टोचते, आणि रात्री कवच चढत असताना पोटातला जाडसर तुकडा हळूहळू विरघळत राहतो. बारीक पूड तेवढी टिकत नाही. अंड्यावर असलेल्या कोंबडीला दिवसाला चहाचा एक लहान चमचा पुरतो.

दुकान लांब असेल तर घरातली अंड्यांची टरफलं आहेत. ती धुवावीत, उन्हात वाळवावीत, तव्यावर चांगली भाजावीत आणि पार बारीक तुकडे करावेत. अर्धं टरफल तसंच टाकलं तर कोंबडीला अंडं फोडून खायची चटक लागते, आणि ती चटक सुटत नाही. शेवग्याचा पाला जरूर द्यावा, पण त्यावर भागत नाही. फरशीच्या गोदामातला शहाबादीचा चुरा लोक विचारतात. ती फरशी चुनखडकाचीच, हे खरं. पण त्यात मातीचा आणि गारेचा भाग किती हे तुकड्यातुकड्यावर बदलतं, म्हणून भरवसा ठेवू नये. आणि पानाला लावायचा चुना कोंबडीच्या तोंडी अजिबात नको. तो कळीचा चुना भिजवून केलेला, दाहक असतो. तोंड आणि अन्ननळी पोळते.

उलट्या बाजूनंही चूक होते. काळजीपोटी तीन-चार महिन्यांच्या पिल्लांनाच अंड्यावरच्या कोंबडीचं खाद्य सुरू केलं जातं. त्यात कॅल्शियम साडेतीन-चार टक्के असतं, वाढत्या पिल्लाला एक टक्का पुरतं. जादाचा भार त्यांच्या मूत्रपिंडावर पडतो. ब्रॉयलरचं खाद्य स्वस्तात मिळालं म्हणून अंड्यावरच्या कोंबड्यांना देणारेही बरेच. त्यात कॅल्शियम एक टक्क्याच्या आसपास, म्हणजे पिशवी महागाची असो की स्वस्ताची, कवचाला उपयोग नाही.

उन्हाळ्याचं गणित वेगळं. हिवाळ्यात फुटलेली पिल्लं एप्रिल-मेमध्ये अंड्यावर येतात, म्हणजे नेमक्या त्या वेळी, जेव्हा कलबुर्गीत पारा चाळिशीच्या वर असतो. कोंबडीला घाम येत नाही. ती चोच उघडी टाकून धापा टाकते. धापेतून रक्तातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो, आणि कवच बनायला लागणारा अर्धा माल त्याच्यापासूनच येतो. शिवाय ती खातेही कमी. अशा वेळी समोर शिंपला असूनही कवच पातळ येतं. पत्र्याच्या खुराड्यावर ओलं गोणपाट किंवा तुराट्या टाकाव्यात, माठातलं गार पाणी सावलीत ठेवावं, दाणा पहाटे आणि ऊन उतरल्यावर द्यावा.

आता ज्याला खरंच घाबरावं ते. एकाच आठवड्यात अनेक कोंबड्यांची, त्यातही जुन्या कोंबड्यांची अंडी मऊ निघू लागली, तपकिरी अंड्यांचा रंग उडाला, अंडी एकदम घटली, तर तो खाद्याचा प्रश्न नसतो. कोंबड्या वरून धडधाकट दिसत असूनही असं होणारा एक विषाणूजन्य रोग आहे, त्याला अंडी घटण्याचा रोग म्हणतात. शिंका, घरघर, हिरवट हगवण, मान वाकडी होणं यातलं काही सोबत असेल तर मानमोडी, म्हणजेच राणीखेत, याची शक्यता धरावी. दोन्हींवर औषध नाही, लस आहे. आजारी पक्षी वेगळे करावेत, बाजारात नेऊ नयेत.

आणखी एक तातडीची खूण. तलंग शेपूट खाली टाकून उभी, पुन्हा पुन्हा कुंथते, खात नाही. मऊ अंडं आत अडकलेलं असतं, कारण ढकलायला स्नायूंना पकड मिळत नाही. कोमट पाण्यात पोटापर्यंत पंधरा-वीस मिनिटं बसवावं, मग अंधाऱ्या शांत जागी ठेवावं. पोट दाबू नये. अंडं आत फुटलं तर कोंबडी हातची जाते. तासाभरात फरक नाही पडला तर पशुवैद्यकाकडे न्यावं.

मऊ निघालेलं अंडं खावं का, हाही प्रश्न येतो. पापुद्रा फाटलेला असेल, घाण लागलेली असेल तर पुरून टाकावं. ताजं, स्वच्छ, अखंड असेल तर त्याच दिवशी पूर्ण शिजवून खाता येतं. अर्धकच्चं नको, कारण जंतूंना अडवणारी भिंतच त्याला नसते. खुराड्यात मात्र ते क्षणभरही ठेवू नये. फुटलं की बाकीच्या कोंबड्या चव घेतात.

दवाखाना गाठताना सीमेवरच्या गावांनी अंतर बघावं, राज्य नव्हे. बीदरला नंदीनगरमध्ये पशुवैद्यकीय विद्यापीठ आहे, तिकडे उदगीरला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. फिरत्या दवाखान्यासाठी १९६२ हा क्रमांक दोन्ही राज्यांत चालतो. मानमोडीच्या लसीची बाटली मात्र शंभर किंवा त्याहून जास्त पक्ष्यांची असते आणि कालवल्यावर दोनेक तासांत संपवावी लागते. चार कोंबड्यांसाठी कुणी ती फोडत नाही, म्हणून गल्लीतल्या पाच-दहा घरांनी दिवस ठरवून पक्षी एकत्र आणले, तरच लस पदरात पडते.