मेल पोचतो, बैठक का हुकते?

पुणे-सोलापूर महामार्गावरील लोणी काळभोर हे हवेली तालुक्यातील गाव तेल कंपन्यांच्या डेपोंमुळे आणि राज कपूर यांच्या ‘राजबाग’ या मळ्यामुळे दीर्घकाळ ओळखले गेले; त्याच राजबाग परिसरात आज २०१५ च्या महाराष्ट्र कायद्यान्वये स्थापन झालेले ‘एमआयटी आर्ट, डिझाइन अँड टेक्नॉलॉजी’ विद्यापीठ आहे. जिथे कला, डिझाइन आणि अभियांत्रिकी एका आवारात शिकवली जाते, तिथे एकाच प्रकारचे संगणक असावेत ही अपेक्षाच चुकीची ठरते. डिझाइनचे काम बहुधा मॅकवर चालते, कचेरी विंडोजवर, प्रयोगशाळा अनेकदा लिनक्सवर, आणि प्रत्येकाच्या खिशातला फोन यांपैकी कशाशीही नाते नसलेला असू शकतो. अशा ठिकाणी पाठवलेला ईमेल सर्वांना वाचता येतो, परंतु त्याच ईमेलमधून गेलेले बैठकीचे निमंत्रण मात्र कोणाच्या कॅलेंडरमध्ये उतरत नाही, कोणाकडे दोनदा उतरते, तर कोणाकडे चुकीच्या वेळेला उतरते. हा फरक यंत्रांच्या दर्जाचा नसून त्यांच्यातील करारांचा आहे, आणि तो समजून घेण्यासाठी थोडे मागे जावे लागते.

ईमेल एका सर्व्हरकडून दुसऱ्याकडे कसा जावा, याचे नियम जॉन पोस्टेल यांनी ऑगस्ट १९८२ मध्ये मांडले. त्यांनाच एसएमटीपी म्हणतात. हे नियम कोणत्याही कंपनीच्या मालकीचे नव्हते. त्यांत केवळ साध्या रोमन अक्षरांची सोय होती. चित्रे, जोडपत्रे आणि इतर लिप्या नेण्याची ‘माइम’ ही पद्धत १९९२ मध्ये आली. मराठी मजकुराची अडचण मात्र त्यानंतरही बरीच वर्षे टिकली, कारण पुण्याच्याच सी-डॅकने आणि ‘श्रीलिपी’ तयार करणाऱ्या मॉड्युलर इन्फोटेकने मराठीला संगणकावर आणण्याचे मोठे काम केले असले, तरी त्या काळातील फाँट आपापल्या सांकेतिक क्रमांकांवर चालत आणि समोरच्याकडे तोच फाँट नसला की मजकुराऐवजी निरर्थक चिन्हांची रांग दिसे. युनिकोडने प्रत्येक अक्षराला जगभर एकच क्रमांक दिला, तेव्हा हा प्रश्न मुळातून सुटला.

कॅलेंडरचा सार्वत्रिक करार बराच उशिरा झाला. आयकॅलेंडर नावाचे मानक नोव्हेंबर १९९८ मध्ये लोटसचे फ्रँक डॉसन आणि मायक्रोसॉफ्टचे डेरिक स्टेनरसन यांनी लिहिले, म्हणजे दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांचे अभियंते त्यासाठी एकत्र बसले, ही गोष्ट आवर्जून नोंदवावी अशी आहे. २००९ मध्ये त्याची सुधारित आवृत्ती आली. ईमेलला जोडून येणारी ‘डॉट आयसीएस’ फाइल याच मानकानुसार लिहिलेली असते. ती उघडून पाहिली तर आत साधा मजकूर असतो: बैठक कधी सुरू होते, कधी संपते, विषय काय, आणि ‘यूआयडी’ हा त्या बैठकीचा कायमचा ओळखक्रमांक. वेळ बदलली किंवा बैठक रद्द झाली, तर नव्या निरोपात तोच ओळखक्रमांक असावा लागतो. एखाद्या प्रणालीने तो बदलला, तर जुनी बैठक कॅलेंडरमध्ये तशीच राहते आणि लोक रिकाम्या खोलीत जाऊन बसतात.

मराठीच्या दृष्टीने या मानकातील एक बारीक नियम फार बोलका आहे. आयसीएस फाइलमधील ओळ ७५ बाइटपेक्षा लांब नसावी, लांब झाल्यास ती तोडून पुढच्या ओळीवर न्यावी, असे तो सांगतो. इंग्रजी अक्षर एक बाइट घेते, तर युनिकोडच्या यूटीएफ-८ या प्रचलित पद्धतीत देवनागरीतील प्रत्येक अक्षरचिन्ह, काना, मात्रा आणि अनुस्वारासह, तीन बाइट घेते. ‘लोणी काळभोर अभ्यासमंडळाची बैठक’ हा विषय एकूण ८४ बाइटांचा होतो. त्याआधी विषयदर्शक शब्द व अपूर्णविरामाचे ८ बाइट धरले, तर नुसते ७५ मोजून ओळ तोडणारी प्रणाली ‘अभ्यासमंडळाची’मधील ‘च’ मध्येच चिरते: दोन बाइट वरच्या ओळीत, एक खालच्या. वाचणाऱ्या प्रणालीने आधी ओळी जोडल्या तर अक्षर शाबूत राहते. आधी अक्षरे उलगडायला घेतली तर तिथे चौकोन किंवा प्रश्नचिन्ह उमटते. काही जुन्या प्रणाल्या ओळ अशी अक्षराच्या मध्येच तोडण्याची चूक करू शकतात, हे मानकातच नमूद आहे. इंग्रजीपुरती चाचणी घेऊन ‘सर्व सुरळीत’ असा शेरा देणाऱ्यांना हा दोष कधीही दिसणार नाही, म्हणून मराठी कचेऱ्यांनी तो स्वतःच तपासला पाहिजे.

वेळेचा घोळ याहून जास्त नुकसान करतो. भारतीय प्रमाणवेळ जागतिक वेळेच्या साडेपाच तास पुढे असून ती वर्षभर बदलत नाही. अमेरिकेच्या बहुतेक भागात मात्र मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ तासभर पुढे जाते आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे येते. त्यामुळे न्यूयॉर्कच्या सकाळी नऊची बैठक पुण्यात उन्हाळ्यात संध्याकाळी साडेसहाला, तर हिवाळ्यात साडेसातला असते. दर आठवड्याच्या अशा बैठकीच्या निमंत्रणात ‘न्यूयॉर्कची वेळ’ असा कालविभाग नोंदवण्याऐवजी नुसती जागतिक वेळ लिहिली, की नोव्हेंबरपासून एक बाजू तासभर आधी येऊन ताटकळते. विंडोज आणि इतर प्रणाल्या कालविभागांना वेगवेगळी नावे देत असल्याने भाषांतरातही गफलत होऊ शकते.

निमंत्रण पाठवण्यापलीकडे, एकच कॅलेंडर अनेक यंत्रांवर जुळते ठेवण्यासाठी २००७ मध्ये कॅलडॅव्ह हे मानक आले. ॲपल, गुगल आणि थंडरबर्ड ते पाळतात. मायक्रोसॉफ्टच्या एक्स्चेंज या मेल-सर्व्हरचा कारभार प्रामुख्याने स्वतःच्या पद्धतींवर चालतो. आउटलुकचा मेल इतरत्र कधीकधी ‘विनमेल डॉट डॅट’ या न उघडणाऱ्या जोडपत्रासह पोचतो, त्याचे मूळही अशाच एका खासगी स्वरूपात आहे. सर्वांना एकाच कंपनीचे खाते सक्तीने देणे हा उपाय सोपा वाटतो. पण संस्थेबाहेरचे परीक्षक, पुरवठादार आणि सरकारी कार्यालये त्या सक्तीत येत नाहीत, शिवाय पुढे कंपनी बदलायची वेळ आली तर वर्षानुवर्षांच्या नोंदी अडकून पडतात.

म्हणून शाळा, सहकारी बँक, ग्रामपंचायत किंवा विद्यापीठ, कोणीही नवी मेलसेवा घेताना निविदेतच आयकॅलेंडर आणि कॅलडॅव्हची अट घालावी आणि पैसे देण्यापूर्वी एक चाचणी करावी: लांबलचक मराठी विषयाचे, दर आठवड्याच्या बैठकीचे निमंत्रण आउटलुक, गुगल, ॲपल आणि थंडरबर्ड वापरणाऱ्या चौघांना पाठवावे, एकदा वेळ बदलावी, मग बैठक रद्द करावी, आणि चौघांच्या कॅलेंडरमधून ती खरोखर गेली की नाही हे समोर बसून पाहावे.