एसटी चुकली व्हय?

लग्न झालं आणि माझी सायकल माहेरीच राहिली. वीस वर्षांनी, लेक शिकायला बाहेरगावी गेली, तेव्हा परसात गंजत पडलेली तिची सायकल मी दुरुस्त करून घेतली. बचत गटाच्या बैठकीला जायचं, तर दर वेळी 'अहो, सोडता का?' किती दिवस म्हणायचं?

मैत्रिणींनो, आमच्या नेसरीकडचे रस्ते चढउतारांचे. सकाळी दोन्ही बाजूंना ऊस, वर धुकं, रहदारी तुरळक. (हंगामात मात्र उसाच्या ट्रॅक्टरला जपायचं आणि ओढणी कमरेला घट्ट बांधायची. एकदा ती चेनमध्ये अडकून पडलेय मी!) 24 फेब्रुवारी 1674 रोजी प्रतापराव गुजर सहा साथीदारांसह बहलोलखानाच्या फौजेवर तुटून पडले, त्या खिंडीतल्या स्मारकापर्यंत मी जाते. चढावर अजून उतरून सायकल ढकलते, खोटं कशाला सांगू?

हेल्मेटवाले सायकलस्वार बाहेरून आले की लोक कौतुकानं बघतात. मला मात्र विचारतात, "वहिनी, एसटी चुकली व्हय?"

सासूबाई तर महिनाभर धड बोलल्या नाहीत. परवा त्यांनीच डबा पुढं केला. "त्या अंगाला चाललीयास तर एवढा माझ्या बहिणीकडं दे. आन् उताराला बिरेक दाबून धर."