थर्मल पेस्टला उगाच दोष!

माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं, तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ चुकले तर सांभाळून घ्या. विषय मात्र रूमवर पीसी असलेल्या सगळ्यांच्या कामाचा आहे.

गेल्या सेमिस्टरला सबमिशनच्या दोन दिवस आधी रूममेटचा पीसी सिम्युलेशन चालू केलं की धाडकन बंद पडायला लागला. बायोसमध्ये बघितलं तर प्रोसेसर नव्वद अंशांवर! पेस्ट वाळली असणार म्हणून मी कूलर काढला आणि पोळीला तूप लावावं तशी सढळ हाताने नवीन पेस्ट लावली. फरक शून्य.

आता थोडी थिअरी. प्रोसेसरचं झाकण आणि कूलरचा तळ गुळगुळीत दिसतात, पण दोन्हींवर बारीक खळगे असतात आणि त्यात हवा अडकते. हवेची उष्णतावाहकता जेमतेम ०.०२६ वॅट प्रति मीटर केल्विन, तांब्याची ४०० च्या आसपास. साध्या पेस्टची ४ ते ८ धरा. म्हणजे पेस्ट हवेपेक्षा शंभरपटीहून चांगली, पण तांब्यापुढे काहीच नाही. तिचं काम फक्त खळगे भरणं. खरा खेळ दाबाचा. आमच्या कूलरच्या चार पिनांपैकी एक बसलीच नव्हती, त्यामुळे एक कोपरा वर राहिला होता!

कूलर एकदा उचलला की जुनी पेस्ट पुन्हा चालत नाही. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि धागे न सुटणाऱ्या कापडाने दोन्ही बाजू पुसा. मधोमध वाटाण्याएवढा थेंब टाका. बोटाने पसरू नका, कूलरचा दाब ते काम करतो. नवीन कूलरच्या तळावरची प्लास्टिकची फिल्म काढा (हसू नका, भल्याभल्यांची राहते). पिना किंवा स्क्रू समोरासमोरचे लावायचे, गाडीच्या चाकाचे नट आवळतात तसे. पिनेचा 'टक्' आवाज आलाच पाहिजे. शेवटी फॅनची वायर सीपीयू फॅन लिहिलेल्या जागी.

एएमडीचा एएम४ सॉकेटवाला प्रोसेसर असेल तर जरा जपून. त्याच्या पिना प्रोसेसरलाच असतात. वाळलेल्या पेस्टमुळे कूलरबरोबर प्रोसेसरही उपटून येतो आणि पिना वाकतात. आधी पीसी दहा मिनिटं चालवून गरम करा, मग बंद करून प्लग काढा आणि कूलर हळू डावी-उजवीकडे फिरवत सोडवा. २०२२ च्या एएम५ पासून पिना सॉकेटमध्ये गेल्या, ती भीती गेली.

पिन बसवल्यावर आमचं सिम्युलेशन रात्रभर चाललं. अर्धी ट्यूब अजून माझ्या ड्रॉवरमध्ये आहे, लागली तर मागून न्या.