वीजबिल कमी करायचंय? आधी पंखा, एसी की सोलर?

फोनमध्ये मागच्या महिन्याचं वीजबिल उघडून ठेवा, आज तेच लागणार आहे.

प्रश्न साधा आहे. हातात दहा हजार रुपये आहेत, घर भाड्याचं आहे आणि बिल कमी करायचंय. पैसे कुठे घालायचे?

आधी बिल समजून घेऊ. महावितरणचा घरगुती दर टप्प्याटप्प्याने चढतो: 100 युनिटपर्यंत एक, मग 300 पर्यंत, मग 500 पर्यंत, आणि त्याच्या वर सगळ्यात महाग. म्हणजे तुम्ही वाचवलेलं युनिट नेहमी तुमच्या वरच्या टप्प्यातलं असतं. त्यावरचा वहन आकार आणि 16 टक्के वीज शुल्कही वाचतं. स्थिर आकार मात्र हलत नाही. मी हिशेबाला सरळ 10 रुपये युनिट धरते. तुम्ही तुमचा आकडा टाका.

ट्यूब
चोकवाली जुनी ट्यूब साधारण 50 वॉट खाते, एलईडी 20. रोज सहा तास लावली तर महिन्याला साडेपाच युनिटच्या आसपास, म्हणजे 54 रुपये वाचतात. अडीचशेची ट्यूब पाच महिन्यांत फिटली. यात विचार करण्यासारखं काही नाही, बदलून टाका.

पंखा
साधा पंखा 75 वॉटचा, बीएलडीसी 30 च्या आसपास. 15 तास चालणारा पंखा बदलला तर महिन्याला 20 युनिट, म्हणजे 200 रुपये वाचले. तीन हजारांचा पंखा सव्वा वर्षात वसूल. पण हॉलमधला, रोज तीनच तास फिरणारा? तिथे महिन्याला 40 रुपये. वसुलीला सहा वर्षांच्या वर! त्याला हात लावू नका.

भाडेकरूंसाठी खास: जुना पंखा माळ्यावर ठेवा. घर सोडताना तो परत लावा आणि आपला घेऊन निघा. आणि हो, बीएलडीसीला जुना रेग्युलेटर जोडायचा नसतो, तो इलेक्ट्रिशियनकडून काढून घ्या.

एसी
इथे खरी गंमत आहे. स्टार लेबलवर वर्षाचे युनिट लिहिलेले असतात, पण ते 1600 तासांच्या वापराचे! समजा थ्री स्टार आणि फाइव्ह स्टारमध्ये 200 युनिटचा फरक आहे आणि किंमत आठ हजार जास्त. 1600 तास वापरलात तर वर्षाला 2000 रुपये वाचतात, चार वर्षांत वसूल. पण फक्त एप्रिल-मे, रात्री सहा तास? म्हणजे 360 तास. वाचले 45 युनिट, साडेचारशे रुपये. आठ हजार फिटायला जवळजवळ अठरा वर्षं. तोवर एसी तरी राहील का?

म्हणून दुकानात स्टार मोजण्याआधी स्वतःचे तास मोजा. लेबलवरचं वर्षही बघा. निकष अधूनमधून कडक होतात, त्यामुळे जुने पाच स्टार आणि नवे पाच स्टार सारखे नसतात.

सोलर
गावी स्वतःचं छप्पर असेल तर ‘पीएम सूर्यघर’ बघाच. 2024 साली आलेल्या या योजनेत 3 किलोवॅटला 78,000 रुपये अनुदान आहे. 1 किलोवॅट दिवसाला साधारण 4 युनिट देतो. पण आई-बाबांचं बिलच महिन्याला 80 युनिटचं असेल, तर वाचणारं प्रत्येक युनिट स्वस्त टप्प्यातलं, वसुली लांबते. फ्लॅटवाल्यांनी सोसायटीच्या मीटिंगमध्ये विषय काढा. लिफ्ट, पंपासारख्या सामायिक वापरासाठी सोसायट्यांना किलोवॅटमागे 18,000 मिळतात.

तर आपले दहा हजार? दोन एलईडी ट्यूब, 500. सगळ्यात जास्त फिरणारे दोन पंखे, 6000. महिन्याला 500 रुपये वाचले, तेरा महिन्यांत पैसे परत. उरलेले साडेतीन हजार खिशातच राहू द्या. बदलायचं म्हणून सगळंच बदलायची गरज नसते.

आज रात्री एवढंच करा: घरातला कुठला पंखा किती तास चालतो ते लिहून काढा. भेटू पुढच्या भागात!