कोड यंत्राचा, समज कोणाची?

१९६८च्या ऑक्टोबरात जर्मनीतल्या गार्मिश या डोंगराळ गावी ११ देशांतले सुमारे ५० तज्ज्ञ जमले. बोलावणे 'नाटो'च्या विज्ञान समितीचे होते आणि विषय होता सॉफ्टवेअर. संगणकांचा वेग वाढत होता, पण त्यांवर चालणारे प्रोग्रॅम वेळेत पुरे होत नव्हते, खर्च हाताबाहेर जात होता आणि तयार झालेल्या कामावर भरवसा ठेवता येत नव्हता. पीटर नाउर आणि ब्रायन रँडेल यांनी संपादित केलेला या परिषदेचा अहवाल आजही वाचावासा वाटतो, कारण त्यात कोण काय बोलले, कोणी हरकत घेतली, कोणी अनुभवाचा दाखला दिला, हे सगळे नोंदवलेले आहे. वेळेचा अंदाज का चुकतो? चाचण्या करूनही चुका का उरतात? गिऱ्हाइकाला नेमके काय हवे आहे, हे कसे ओळखायचे? हेच प्रश्न आज पुण्यात हिंजवडीतल्या सॉफ्टवेअर कंपन्यांच्या मीटिंगांमध्ये ऐकू येतात. गार्मिशची बैठक झाली त्याच वर्षी मुंबईत टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसची सुरुवात झाली. सॉफ्टवेअरच्या अडचणींची चर्चा आणि आपल्याकडचा हा व्यवसाय असे दोन्ही बरोबरीने वाढले आहेत.

'आता प्रोग्रॅमर लागणार नाहीत' ही भविष्यवाणी तर त्याहूनही जुनी आहे. सुरुवातीला यंत्राला कळणाऱ्या आकड्यांत एकेक सूचना लिहावी लागे. १९५२च्या सुमारास ग्रेस हॉपर यांनी हे काम यंत्रावरच सोपवणारा कंपायलर तयार केला. १९५७ मध्ये आयबीएममधल्या जॉन बॅकस यांच्या चमूने फोरट्रान ही भाषा आणली. कोडिंग आणि चुका शोधण्याचे काम जवळपास संपेल, अशी आशा तिच्या १९५४च्या प्राथमिक अहवालात व्यक्त झाली होती. फोरट्रानने मेहनत खरोखरच वाचवली. मात्र वाचलेल्या मेहनतीतून लोकांनी आणखी मोठे प्रश्न हाती घेतले आणि प्रोग्रॅमरांची गरज वाढतच गेली.

असे का झाले, याचे नेमके उत्तर फ्रेड ब्रुक्स यांनी दिले. आयबीएमच्या ओएस/३६० या अवाढव्य प्रकल्पाची धुरा त्यांनी सांभाळली होती. रखडलेल्या प्रकल्पात माणसे वाढवली की तो आणखी रखडतो, हा त्यांचा १९७५चा निष्कर्ष प्रसिद्ध आहे. १९८६च्या लेखात त्यांनी सॉफ्टवेअरमधल्या अडचणींचे दोन भाग केले. काही अडचणी साधनांमुळे येतात आणि साधने सुधारली की त्या कमी होतात. काही अडचणी मात्र प्रश्नाच्या पोटातच असतात. आपल्या एसटीच्या तिकिटाचेच उदाहरण घेऊ. महिलांना निम्मे भाडे, ७५ वर्षांवरच्यांना प्रवास मोफत, आणि या सवलती राज्याच्या हद्दीपुरत्या. मग कोल्हापूरहून बेळगावला निघालेल्या आजींचे तिकीट कसे काढायचे? सवलत कोणत्या थांब्यापर्यंत धरायची? वयाचा पुरावा कोणता मानायचा? प्रोग्रॅमची भाषा कोणतीही असो, हे आधी कोणीतरी कंडक्टरला, आगारात आणि मुख्यालयात विचारून ठरवावे लागते.

नाउर यांनी १९८५ मध्ये याच विचाराची पुढची पायरी मांडली. त्यांच्या मते प्रोग्रॅमचा खरा ऐवज करणाऱ्यांच्या डोक्यात असतो. हा भाग असा का रचला, बाहेरच्या जगातल्या कोणत्या गोष्टीशी त्याचे नाते आहे, नवी मागणी आली तर बदल कुठे करावा, हे त्यांना सांगता येते. यासाठी त्यांनी एका कंपायलरचा दाखला दिला आहे. तो एका गटाने तयार केला आणि वाढवण्यासाठी दुसऱ्या गटाने घेतला. नव्या गटाकडे पूर्ण कोड आणि सविस्तर कागदपत्रे होती. तरीही त्यांनी सुचवलेले कित्येक बदल ठिगळे लावल्यासारखे होते आणि मूळ रचनेची ताकद त्यांमुळे वाया गेली असती. मूळ गटाला ही चूक लगेच दिसली आणि साधे उपायही सुचले. पुढे काम इतरांच्या हाती गेले, तेव्हा ती रचना निष्प्रभ होत गेली.

समज मागे राहिली आणि कोड तेवढा पुढे गेला, तर काय होते याचा धडा ४ जून १९९६ रोजी मिळाला. फ्रेंच गयानातल्या कुरू इथून एरियान ५ अग्निबाणाने पहिले उड्डाण केले आणि सुमारे ४० सेकंदांत तो नष्ट झाला. त्याच्या दिशादर्शक यंत्रणेतला प्रोग्रॅम एरियान ४ वरून उचललेला होता. आडव्या वेगाशी संबंधित एक मोठी संख्या १६ बिटांच्या जागेत बसवण्याचा प्रयत्न झाला. त्या जागेत ३२,७६७ पेक्षा मोठी संख्या मावत नाही. यंत्रणा बंद पडली. राखीव यंत्रणेतही तोच प्रोग्रॅम असल्याने तीही त्याच कारणाने बंद पडली होती. जुन्या अग्निबाणाच्या मार्गात ही संख्या मर्यादेत राहत असे, म्हणून तिथे संरक्षण न ठेवण्याचा निर्णय विचारपूर्वक घेतला गेला होता. त्या निर्णयाचे कारण मात्र कोडमध्ये कुठेच लिहिलेले नव्हते, असे चौकशी समितीला आढळले. ही संख्या ज्या हिशेबातून येत होती, तो उड्डाणानंतर एरियान ५ ला लागतही नव्हता.

आता यंत्रच कोड लिहू लागले आहे. २०२१ मध्ये कोड सुचवणारे गिटहब कोपायलट आले, नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आले. २०२५च्या सुरुवातीला संगणकतज्ज्ञ आंद्रेय कार्पाथी यांनी कोडकडे न पाहता नुसते सांगत जाऊन प्रोग्रॅम करण्याच्या पद्धतीला 'व्हाइब कोडिंग' असे नाव दिले. याचा फायदा खरा आहे. छोट्या दुकानदाराला किंवा शिक्षिकेला स्वतःपुरते साधन तयार करता येते, कंटाळवाणे काम मिनिटांत उरकते. पण पूर्वी कोड लिहिता लिहिता तो लिहिणाऱ्याला कळत जाई. आता कोणालाही न कळलेला कोड चालू होऊ शकतो. तो बँकेत, रुग्णालयात, वीजबिलात शिरला तर कारण सांगायला कोणीच उरणार नाही.

म्हणून या क्षेत्रात येणाऱ्या मुलामुलींना मनापासून सांगणे आहे: यंत्राची मदत जरूर घ्या, पण त्याने दिलेली प्रत्येक ओळ शेजारच्याला मराठीत समजावून सांगता येईपर्यंत ती स्वीकारू नका. निर्णयामागचे कारण कोडशेजारीच लिहून ठेवा. अनुभवी मंडळींनी नवख्यांना वेळ द्यावा, त्यांच्या 'असं का?' या प्रश्नाला कंटाळू नये. आणि कंपन्यांनी हा वेळ कामाचाच धरावा. प्रोग्रॅम कोणीही लिहिला तरी त्याचा जाब माणसालाच द्यावा लागतो.