तेलाचे तळे नसते आणि संगणक पाणाड्या नसतो

शिरूर-दौंडकडे बोअरला पाणी लागले की लोक म्हणतात, "खाली तळंच दिसतंय." तेलाबद्दलही हाच समज आहे : जमिनीखाली तळे आहे, नळी सोडायची आणि उपसायचे.

असे तळे कुठेही नसते. मुंबईच्या पश्चिमेला सुमारे १६० किलोमीटरवर समुद्रतळाखाली असलेल्या 'मुंबई हाय'चे मुख्य तेल चुनखडीच्या खडकात आहे, त्यातल्या बारीक छिद्रांत आणि फटींत. 'सागर सम्राट' या समुद्रात विहिरी खोदणाऱ्या तरंगत्या मंचाने १९७४ मध्ये ते शोधले, १९७६ मध्ये उत्पादन सुरू झाले. छिद्रांतले तेल सगळे सुटून येत नाही. जगाचा अनुभव पाहिला तर खडकातल्या तेलापैकी सरासरी तिसरा हिस्साच वर येतो. उरलेल्यातले आणखी थोडे कसे मिळवायचे, यासाठी संगणक लागतो.

दुसरा गैरसमज असा की संगणक तेल 'दाखवतो'. तो पाणाड्या नाही. तज्ज्ञ आधी खडकाचे लाखो काल्पनिक ठोकळे पाडतात. प्रत्येक ठोकळ्यात पोकळी किती, त्यातून द्रव किती सहज सरकतो, दाब किती, तेल-पाणी-वायू किती, हे आकडे भरतात. त्यासाठी विहिरीतून खडकाचे दंडगोल काढून, प्रयोगशाळेत त्यातून द्रव ढकलून मोजमाप करतात. एका ठोकळ्यातून दुसऱ्यात काय वाहील, हे ज्या नियमाने ठरते, तो हेन्री डार्सी या फ्रेंच अभियंत्याने वाळूतून पाणी गाळून पाहताना शोधला आणि १८५६ मध्ये छापला.

खरी कसोटी पुढे आहे. ठोकळ्यांचे हे मॉडेल उत्पादनाच्या पहिल्या दिवसापासून चालवायचे आणि प्रत्येक विहिरीचा दाब, तेलाबरोबर आलेले पाणी, हे प्रत्यक्ष नोंदींशी जुळते का पाहायचे. जुळले नाही तर खडकाचे चित्र बदलायचे. मात्र एकाच इतिहासाशी दोन-तीन वेगवेगळी चित्रेही जुळू शकतात. म्हणून जाणता अभियंता एका चित्रावर विसंबत नाही, अनेक चित्रांवर अंदाज तपासतो. संगणकाचे उत्तर म्हणजे काळ्या दगडावरची रेघ असे मानणे मला सर्वांत घातक वाटते.

तिसरा समज आपल्या ओळखीचा आहे : जास्त विहिरी, जास्त उपसा, म्हणजे जास्त तेल. १९८०च्या दशकाच्या मध्याला मुंबई हायमधून दिवसाला चार लाखांहून अधिक बॅरल तेल निघत होते. पण उपसा झाला की दाब उतरतो, तेलात विरघळलेला वायू सुटतो आणि तेल मागे राहते. दाब टिकवण्यासाठी १९८४ पासून तिथे खडकात पाणी सोडले जाते. तेही लबाड : मोकळ्या थरातून धावत थेट उत्पादन विहिरीत येते, घट्ट थरातले तेल तसेच राहते. पाणी कुठे सोडायचे, कोणती विहीर बंद करायची, जुन्या विहिरीला बाजूने कुठे फाटा काढायचा, हे आधी मॉडेलवर करून पाहतात, कारण समुद्रातली एक चुकलेली विहीर कोट्यवधींना पडते. मुंबई हाय चालवणाऱ्या ओएनजीसीने १९७८ मध्ये अहमदाबादला अशा अभ्यासासाठी खास संस्था काढली.

मग खोल गेलो तर शिरूर-दौंडलाही तेल लागेल का? इथला बेसॉल्ट म्हणजे थिजलेला लाव्हा. तेल तयार होते ते जैविक गाळ साचलेल्या खडकात. कोयनेजवळच्या संशोधन-विहिरीत सुमारे ९३० मीटर बेसॉल्टखाली थेट ग्रॅनाइटी खडक लागला, गाळाचा खडक नाही; म्हणून इथे तेलाची आशा फारशी नाही.

तेल नसले तरी तेच गणित इथे पाण्याला लागू पडते. भूजलाची मॉडेलेही डार्सीच्याच नियमावर चालतात. अडचण खडकाची आहे. पाणी मऊ, सच्छिद्र अशा मांजऱ्या खडकात आणि भेगांत असते, त्यामुळे शेजारच्या दोन बोअरांचेही जुळत नाही आणि ठोकळ्याची सरासरी फसवते. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा ठरावीक निरीक्षण विहिरींची पातळी मोजते, पण अशा खडकाला तेवढ्या नोंदी पुरत नाहीत. मुंबई हायच्या मॉडेलमागे विहिरीगणिक दशकांच्या नोंदी आहेत. आपल्या बोअरची एकूण खोली, पाणी कितव्या फुटाला लागले, मांजऱ्या कुठे संपून काळा पाषाण लागला आणि मे महिन्यात पातळी कुठवर उतरली, एवढे चार आकडे शेतकऱ्याच्या वहीत असले, तरी मॉडेल करणाऱ्याला गावाचे भूजल बरेच कळू लागेल.