कर्ता की करण? छोट्या एजन्सीच्या वाढीचा प्रश्न

आजचा विषय ऐकून काहींना नवल वाटले असेल. जाहिराती, वेबसाइट, सोशल मीडिया अशी कामे करणारी एजन्सी कशी चालवावी आणि कशी वाढवावी, हा प्रश्न तत्त्वज्ञानाच्या माणसाने कशाला हाताळावा? पण जरा शब्दाकडेच बघा. इंग्रजीतल्या ‘एजन्सी’ला दोन अर्थ आहेत. बाजारात ती दुसऱ्याच्या वतीने काम करणारी संस्था असते. तत्त्वज्ञानात एजन्सी म्हणजे कर्तृत्व, स्वतः ठरवून कृती करण्याची क्षमता. एक अर्थ सांगतो, ‘दुसऱ्यासाठी कर’. दुसरा सांगतो, ‘स्वतः ठरव’. आठ-दहा माणसांची एजन्सी चालवणाऱ्या मालकाची रोजची ओढाताण नेमकी या दोन अर्थांमधली असते.

आपल्याकडे या ओढाताणीचा विचार व्याकरणाने फार पूर्वी करून ठेवला आहे. पाणिनी कर्त्याची खूण सांगतो ती स्वातंत्र्याची. क्रियेच्या बाबतीत जो स्वतंत्र, तो कर्ता. करण म्हणजे साधन. क्रिया पार पाडायला जे सर्वांत जास्त उपयोगी पडते ते. सुरीने भाजी चिरतो, तेव्हा सुरी करण. आता यातली मेख लक्षात घ्या. करण हे सर्वांत उपयोगी असते, तरी ते कर्ता नसते. उपयोगी असणे वेगळे, स्वतंत्र असणे वेगळे.

मग दुसऱ्याच्या सांगण्यावरून काम करणाऱ्याचे काय? देवदत्त यज्ञदत्ताकडून भात शिजवून घेतो. इथे करवून घेणारा देवदत्त हा प्रयोजक कर्ता. पण शिजवणारा यज्ञदत्त सुरीसारखा करण होत नाही. तो प्रयोज्य कर्ता, म्हणजे कर्ताच राहतो. कोणी सांगितले म्हणून करतो, पण तांदूळ किती वेळ ठेवायचा, आच कधी कमी करायची, हे तो ठरवतो. क्लायंट आणि एजन्सी यांचे नाते याहून नेमकेपणाने सांगता येईल असे आम्हाला वाटत नाही. क्लायंट प्रयोजक, एजन्सी प्रयोज्य. एजन्सीच्या वाढीचा प्रश्न मग असा होतो: वाढताना ती कर्ता राहते, की हळूहळू सुरी होते?

या धंद्याचा इतिहास हाच प्रश्न विचारत आला आहे. अमेरिकेत १८४०च्या दशकात फिलाडेल्फियाच्या व्होल्नी पामरने वर्तमानपत्रांतली जागा जाहिरातदारांना विकायला सुरुवात केली. त्याचे कमिशन वर्तमानपत्र देई. म्हणजे तो एजंट होता वर्तमानपत्राचा. १८७०च्या दशकात त्याच शहरातल्या एन. डब्ल्यू. आयर अँड सन या एजन्सीने ‘ओपन कॉन्ट्रॅक्ट’ आणले. जागेचा खरा दर जाहिरातदाराला दाखवायचा आणि त्यावर ठरलेले कमिशन घ्यायचे. इथून एजन्सी जाहिरातदाराची झाली. पुढे १५ टक्के कमिशनची रीत पडली. आपल्याकडेही मान्यताप्राप्त एजन्सीला वर्तमानपत्रांकडून तेवढेच मिळत आले.

पण टक्केवारीत एक खोच आहे. क्लायंटने जितका जास्त खर्च करावा, तितकी एजन्सीची कमाई जास्त. मग ‘या महिन्यात जाहिरात करूच नका’ हा सल्ला कोण देणार? तासांवर पैसे घेतले, तर सावकाश काम करणाऱ्याचा फायदा. कामाची ठरावीक रक्कम घेतली, तर काम लवकर उरकण्याचा मोह. निर्दोष पद्धत नाही. पण तुम्ही पैसे कशाचे घेता, यावर तुमचा सल्ला कुठे झुकणार हे ठरते, आणि ते क्लायंटला आधीच उघड सांगणे हा कर्तेपणाचा पहिला भाग.

कोणी म्हणेल, पैसे क्लायंटचे, तो सांगेल ते करावे. कर्तेपणाचा हा सोस कशाला? एक कारण कायद्यातच आहे. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली फसव्या जाहिरातींबाबत २०२२ साली जी मार्गदर्शक तत्त्वे आली, ती उत्पादकाला लागू आहेत, तशीच जाहिरात एजन्सीलाही लागू आहेत. ‘क्लायंटने सांगितलं म्हणून लिहिलं’ एवढ्याने हात झटकता येत नाहीत. सुरीवर कोणी खटला भरत नाही, कर्त्यावर भरतात. म्हणजे जबाबदारी आपल्याकडे कर्त्याची आहे. मग स्वातंत्र्य करणाचे का घ्यावे?

दुसरे कारण कामाच्या दर्जाचे. अमूलचे फलक आपण सगळ्यांनी पाहिले आहेत. १९६६पासून सिल्व्हेस्टर डाकुन्हा यांच्या एजन्सीने ते केले. ताज्या घडामोडींवरचा विनोद मंजुरीच्या फेऱ्यांत अडकला, तर शिळा होणार. वर्गीज कुरियन यांनी फलक आधी दाखवून मंजूर करून घेण्याची अट ठेवली नाही. करवून घेणाऱ्याने करणाऱ्याचे स्वातंत्र्य ओळखले. पण असे कुरियन सगळ्यांना भेटत नाहीत. बाकीच्यांना ‘नाही’ म्हणण्याची ताकद स्वतःच कमवावी लागते. ती कुठून येते?

ती वहीखात्यातून येते. तत्त्वज्ञानाचे लोक स्वातंत्र्याला मनाचा गुण मानतात, पण त्याला पोटाचा आधार लागतो. एक साधे गणित करू. समजा, दहा जणांची एजन्सी आहे. पगार, भाडे, सॉफ्टवेअर धरून महिन्याचा खर्च साडेपाच लाख. महिन्याचे उत्पन्न सात लाख. शिल्लक दीड लाख, म्हणजे साधारण २१ टक्के. आता यातले साडेतीन लाख एकाच क्लायंटकडून येत असतील, तर तो गेल्यावर दर महिन्याला दोन लाखांची खोट. बँकेत सहा लाख असले, तर तीन महिने. या एजन्सीचा मालक त्या क्लायंटला कधीच ‘नाही’ म्हणणार नाही. त्याचे धैर्य कमी आहे म्हणून नव्हे, दहा घरांच्या चुली त्याच्या डोळ्यांसमोर आहेत म्हणून.

आता हीच एजन्सी, पण सर्वांत मोठा क्लायंट एक लाख चाळीस हजारांचा, म्हणजे २० टक्के. तो गेला तरी पाच लाख साठ हजार उरतात. खर्च निघतो. नफा जवळजवळ संपतो, पण कोणाची नोकरी जात नाही. यातून एक सोपा नियम निघतो: सर्वांत मोठ्या क्लायंटचा वाटा आपल्या नफ्याच्या टक्क्यांपेक्षा जास्त नसावा. सुरुवातीला हे कोणालाच जमत नाही. पहिला मोठा क्लायंट आला की तो निम्मी एजन्सी व्यापतो, आणि त्याला नाकारा असे कोणी शहाणा माणूस सांगणार नाही. पण मग दोन आकड्यांमधल्या त्या फरकाला बँकेतल्या शिलकीचा टेकू हवा, आणि वर्षागणिक तो फरक कमी व्हायला हवा. वाढ मोजायची तर या फरकाने मोजा, माणसांच्या संख्येने नको.

उधारीचेही तसेच. बिल दिले की जीएसटी साधारणपणे पुढच्या महिन्यात भरावा लागतो, क्लायंटने पैसे दिले असोत वा नसोत. जाहिरात सेवेवर तो १८ टक्के. म्हणजे उशिरा पैसे देणाऱ्या क्लायंटचा कर आपण खिशातून भरतो. सूक्ष्म व लघु उद्योगांसाठी २००६चा कायदा आहे. नोंदणी असेल आणि लेखी करार असेल, तर ४५ दिवसांच्या आत पैसे मिळण्याचा हक्क आहे. नंतर चक्रवाढ व्याज. अनेकजण नोंदणीच करत नाहीत, आणि केली तरी हा हक्क करारात लिहायला संकोचतात. हक्क माहीत असूनही मागता येत नाही, तिथे समजावे की आपण करण होऊ लागलो आहोत.

आता सर्वांत अवघड भाग. हीच कसोटी आत वळवा. एजन्सी वाढली की मालक स्वतः प्रयोजक होतो आणि त्याचे लेखक, डिझायनर प्रयोज्य. फ्रेडरिक ब्रुक्स यांनी १९७५च्या ‘द मिथिकल मॅन-मंथ’ या पुस्तकात सॉफ्टवेअरच्या कामांबद्दल दाखवले की रखडलेल्या कामावर माणसे वाढवली तर ते आणखी रखडते. कारण संवादाचे धागे वाढतात. चार माणसांत सहा जोड्या, बारा माणसांत ६६. या गुंत्याला घाबरून मालक प्रत्येक गोष्ट स्वतःच्या नजरेखालून घालू लागतो. क्लायंट म्हणतो ‘लोगो मोठा करा’, मधला माणूस ते पोस्टमनसारखे पुढे पोचवतो, डिझायनर मोठा करतो. का, हे कोणी कोणाला विचारत नाही. बाहेर स्वातंत्र्य मागणाऱ्या मालकाने आत बारा सुऱ्या करून ठेवल्या, असे होते.

यावर उपाय एकच दिसतो. काम सोपवताना निर्णयही सोपवावा, आणि त्याची हद्द आधी सांगावी: इथपर्यंत तू ठरव, इथून पुढे आपण मिळून ठरवू. आणि चुकले तर क्लायंटसमोर मालकाने उभे राहावे. विवेक शिकवता येतो तो असाच, निर्णय घ्यायला लावून. ज्या वेगाने नव्या माणसांत हा विवेक तयार होतो, तोच एजन्सीच्या वाढीचा खरा वेग. त्याहून जोरात धावलो, तर माणसे वाढतात, एजन्सी वाढत नाही.

हे आजच का महत्त्वाचे? कारण आता साधने फार स्वस्त झाली आहेत. मजकूर लिहिणारी, चित्रे काढणारी यंत्रे क्लायंटच्याही हातात आहेत. जी एजन्सी ‘सांगाल ते करून देऊ’ एवढेच विकत होती, तिची स्पर्धा आता तिच्याहून स्वस्त आणि न थकणाऱ्या सुरीशी आहे. त्या स्पर्धेत ती जिंकणार नाही. काय सांगू नये, काय करू नये, कुठे पैसे वाया जातील, हे सांगून त्याची जबाबदारी घेणारा माणूस मात्र क्लायंटला लागतोच.

तेव्हा इथे बसलेल्या, आणि पुढे हे ऐकणाऱ्या-वाचणाऱ्या एजन्सीवाल्यांना एवढेच सांगणे. आज घरी गेल्यावर दोन आकडे कागदावर लिहा: सर्वांत मोठ्या क्लायंटचा वाटा आणि आपला नफा. त्याखाली, मागच्या महिन्यात तुम्हाला न विचारता तुमच्या माणसांनी घेतलेला एखादा निर्णय लिहा. तो सापडला नाही, तर वाढीची सुरुवात तिथून करायची आहे.

आता प्रश्न घेऊ.